घोगरा तेवढा राहू दे

हिरूभाई: ...तर त्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं, आणि आत बघतो तर काय, बोंबील!

योगिता: काका, प्लीज.

हिरूभाई: खरं सांगतो, दीकरी. अख्खा बोंबील. मोठ्या वाल्वला मिठी मारून वाळलेला. धाकटी डहाणूच्या एका खलाशाचा रेडिओ होता. सहा महिने त्याच्या घरी सातच्या बातम्या लागल्या की वाड्यातली सगळी मांजरं येऊन बसायची. वाल्व तापला की वास सुटायचा ना! आणि हे समजत होते, मांजरांना राजकारणाची गोडी लागली.

सोमी: मंग? बोंबील काढला तवा आवाज सुधारला?

हिरूभाई: एकदम काचेसारखा. पण दुसऱ्या दिवशी घरातली म्हातारी रडत आली. म्हणे, मांजरं येईनाशी झाली, परत घाल तो बोंबील.

योगिता: आत्या, तू कशाला विचारतेस? आम्ही दुरुस्तीला आणलेल्या मशीनमध्ये बोंबील नाहीये. सायवनला बोंबील येणार कुठून?

सोमी: बाजारात येतात की सुके.

योगिता: ऐका, मी परत सांगते पहिल्यापासून. रविवारी माझं लग्न आहे. आज बुधवार. आणि लग्न लावणार ही माझी आत्या. आमच्यात धवलेरी लागते. ती गाणी म्हणते, त्यावरच लग्न लागतं...

हिरूभाई: मला धवलेरी शिकवते? गंजाडपासून तलासरीपर्यंत पन्नास मांडवांत भोंगे बांधलेत मी. धवलेरी गायला बसली की माझा भोंगा बंद करायला लावायचे. शेवटी मीही ऐकत बसायचो, बिडी विझेपर्यंत. पण तू नवरी ना? हळद लावून घरात बसायचं सोडून पेट्या उचलून काय फिरते?

योगिता: पेटी पंधरा किलो आहे, आत्या एकटी कशी आणणार? आणि हिला हे मशीन ऐकल्याशिवाय गाता येत नाही.

सोमी: गाता येतं. गात नाय.

योगिता: तेच.

सोमी: तेच नाय. हिरूभाय, माझी आयस धवलेरी होती. मी अंगावर पीत होते तवा गेली. तिची एक तबकडी हाय. बापूस चिकूच्या वाडीत राखणदार होता, इथं डहाणूलाच. वाडीच्या शेठाणीचा भाचा मुंबईहून टेप घेऊन आलेला. आयस म्हणाली, मांडवाबाहेर मी हे गाणं म्हणायची नाय. तवा शेठाणीनं व्हरांड्यात चार फांद्या रोवल्या, वर पाला टाकला. म्हणाली, हा घे मांडव. आयस गायली. भाच्यानं मुंबईला जाऊन तिची तबकडी करून आणली. मंग आयस गेली, शेठाणी पण वाडी विकून गेली. जाताना ही तबकडी वाजवायची पेटी आणि ती तबकडी बापसाला दिली.

हिरूभाई: आणि तू त्यातून शिकली.

सोमी: सगळं. कुठं थांबायचं, कुठं ओढायचं. आता लग्न लावायला जायच्या आधी एकदा तबकडी लावते. आयस गायली, म्हणजे हो म्हणाली. मंग मी जाते. दिवाळीपासून पेटी नुसती घरघर करते. बोल कळत नाय. आयस हो म्हणते का नको म्हणते, कसं समजायचं?

हिरूभाई: घरघर काढतो. त्यात काय!

सोमी: एक सांगते. घरघर तेवढी काढ. आयशीचा आवाज घोगरा हाय, तो काढू नको. घोगरा तेवढा राहू दे.

हिरूभाई: जसा हुकूम. आधी लावून बघू. प्लग दे गं तो... हां. आता बघ, काचेत कसा उजेड येतो. संध्याकाळी कोणाच्या ओसरीवर दिवा लागावा तसा. बाकीचं जग बटण दाबलं की ओरडतं. हे आधी जागं होतं, अंग मोडतं, मग बोलतं. वाल्वच्या पोटात हवा नसते, ठाऊक आहे? पोकळ. आणि पोकळ जागेत काय भरतं? जुनं ऐकलेलं सगळं. एकदा एका वाल्वनं मला वीस वर्षांपूर्वीचा क्रिकेटचा सामना ऐकवला होता. या वेळी आपण जिंकलो.

योगिता: काका, तीनची सायवन गाडी आहे आमची.

हिरूभाई: गाडी येते, जाते. टाक सुई.

सोमी: थांब. अजून तापली नाय.

हिरूभाई: उजेड आला ना? पुरे.

सोमी: नाय. आमच्याकडं पेटी चालू करून चहा ठेवायचा. चहा पिऊन झाला की सुई टेकायची. बापसाचा नियम. म्हणायचा, धवलेरी गायला बसते तवा आधी ताडीचा घोट घेते ना, तशी पेटी पण घशाखाली ऊन घेते. आयस लांबून येते, वाटेत आवाज बसतो, तिला दम घेऊ द्यावा.

हिरूभाई: आणि तापायच्या आधी टेकवली तर?

सोमी: तर दुसरंच कोणतरी गातं. बारीक आवाजात. थोडा वेळ. मंग आयस येते.

हिरूभाई: थोडा वेळ बारीक. तापल्यावर घोगरा. असं म्हणते?

सोमी: हां.

हिरूभाई: हं.

योगिता: काय हं?

हिरूभाई: काही नाही. चहा टाक. आत गॅस आहे, साखर डब्यात. आपण पण नियम पाळू.

योगिता: आत्याला थोडा कोमट देते म्हणजे झालं. तिला डॉक्टरांनी गरम बंद केलंय.

हिरूभाई: घसा?

योगिता: गाठ आलीये. घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून बघितलं. म्हणाले, मावशी, तुम्ही आवाज दाबून दाबून गाता, असंच गात राहिलात तर वर्षभरात बोलायला पण आवाज उरणार नाही. मी नर्सिंग करते, मला माहितीये ते कशाला म्हणतात. ही म्हणते, आमच्या घराण्याचा आवाजच तसा.

सोमी: हायच तसा. माझ्याकडं दोघी शिकतात, शुक्री आणि रूपी. त्यांना पण सहा महिने लागले घसा खरवडायला. रूपीची आयस तिला रोज मधाचं बोट चाटवते.

योगिता: आणि सायवनकडे सगळे म्हणतात, सोमीच्या हाताखालच्या पोरी म्हाताऱ्या बायांसारख्या गातात. पोरी आहेत त्या, अठरा-अठरा वर्षांच्या!

हिरूभाई: चहा झाला? टाका सुई आता... ऐका. ऐका कसं फाटतंय. ओढलेलं कापड. बस, बंद कर, मशीनला त्रास होतो.

सोमी: आयशीला त्रास होतो.

हिरूभाई: दोघींना. आता डॉक्टरसारखं एकेक बघू. पहिली सुई. बदलतो, माझ्याकडे आहे... लाव. तसंच? सुई निर्दोष. आता तबकडी. माझी एक लावतो, शहनाईची. हिच्यावर ओरखडा नाही, बायकोनं कधी लावूच दिली नाही... ऐका. शहनाई पण घशात गारगोटी धरून वाजते. म्हणजे तबकडी निर्दोष. दोष पोटात.

योगिता: वाल्व गेला असेल.

हिरूभाई: वा, नर्सबाई! हा बदलून दुसरा लावतो. बघ... तेच. वाल्व निर्दोष. मग राहिलं काय? प्लग काढ. आणि बोट घालू नको, प्लग काढला तरी आत करंट दबा धरून बसलेला असतो. तलासरीला एका लग्नात माझा आख्खा ॲम्प्लिफायर विहिरीत पडला होता. काय सांगू, तीन दिवस विहीर गात होती! बायका पाणी शेंदायला यायच्या, तर घागरीतून गाणं. ज्या घरी ते पाणी गेलं, त्या घरची पोरं झोपेत ताल धरायची. चौथ्या दिवशी विहीर एकदम...

सोमी: एकदम काय?

योगिता: काका? काय झालं?

सोमी: बोल ना. विहीर एकदम काय?

हिरूभाई: गप्प झाली.

योगिता: आणि तुम्ही पण? अहो, दहा मिनिटं झाली, एक पण गोष्ट नाही. मला भीती वाटायला लागली. मशीन गेलं का?

हिरूभाई: मशीन नाही गेलं. सापडलं. हा बघ, हा जाडा चपटा तुकडा. कंडेन्सर.

सोमी: तो काय करतो?

हिरूभाई: दारावरचा माणूस. मांडवाच्या तोंडाशी उभा असतो बघ एक. वऱ्हाड आलं, सोडा आत. गुरं आली, हाका बाहेर. गाणं म्हणजे वऱ्हाड. ते पुढच्या वाल्वकडे जाऊ द्यायचं. करंट म्हणजे गुरं, त्याला इथंच अडवायचं. हा थंड असला की बरा जागा असतो. अंग तापलं की डुलकी. मग गाण्याबरोबर करंट पण आत घुसतो, आणि त्या वाल्वचा गळा धरतो. तिथून जे बाहेर येतं ते फाटकं.

योगिता: म्हणजे गरम झालं की बिघडतं.

हिरूभाई: आतापर्यंत डुलकी होती, दिवाळीपासून गाढ झोपला.

सोमी: मंग त्याला उठव. थोडा. पहिला होता तेवढा.

हिरूभाई: सोमीबेन, थोडा उठत नाही तो. काढायचा आणि नवीन घालायचा. आणि नवीन घातला की घरघर जाईल, आणि... ते पण जाईल.

सोमी: काय ते?

हिरूभाई: घोगरं. दोन्ही एकाच दुखण्यानं आहे.

सोमी: नाय.

योगिता: आत्या...

सोमी: नाय म्हटलं ना! आयशीचा आवाज हाय तो. पेटीचा नाय. चव्वेचाळीस वरसं मी त्या आवाजात गाते. तुझ्या आईबापाचं लगीन मी त्या आवाजात लावलं. हा कालचा माणूस सांगतो, दुखणं हाय!

योगिता: कालचा नाही, पंचाहत्तरीचा आहे. आणि तुझी गाठ, ते काय? तू दाबून गातेस, कारण हे दाबून वाजतं. मला रविवारी तू गायला हवीस, आणि सोमवारी बोलायला पण हवीस. मला दुसरं काही नको.

सोमी: आणि त्या तारांतून दुसरीच कोण निघाली तर? मला हो कोण म्हणेल?

हिरूभाई: असं करू. नवीन घालतो. जुना हा बघ, रुमालात बांधून इथं तुझ्यासमोर ठेवतो. ऐकून नाही पटलं, तर त्याच जागी परत जोडून देतो. वर घरघर थोडी कमी होईल अशी काहीतरी खटपट करतो. हिरूची जबान.

योगिता: काका, याच्या टोकांना लाल काय लावलंय? नेलपॉलिश?

हिरूभाई: असतं. त्या काळी काही मेकॅनिक सांध्यावर लावायचे. कोणी हात घातला तर कळावं म्हणून.

योगिता: काही मेकॅनिक.

हिरूभाई: काही.

योगिता: तुमच्या त्या ड्रॉवरमध्ये स्क्रूंच्या शेजारी नेलपॉलिशची बाटली आहे. लाल.

हिरूभाई: ती बायकोची. आठ वर्षं झाली तिला जाऊन. दीकरी, इथं नीट उजेड धर. बॅटरी हलते तुझ्या हातात... हा एक कथलाचा डाग. फुंकर घालू नको. हा दुसरा. झालं. सोमीबेन, तू टेकव सुई.

सोमी: चहा होऊ दे.

हिरूभाई: आता चहाची गरज नाही. आता पेटी थंड असताना जी गाईल, तीच तापल्यावर गाईल.

सोमी: योगिते, तू टाक.

(सुई टेकते. थोडी खरखर, मग एक बाई गाऊ लागते.)

योगिता: पाच मिनिटं झाली ना काका? तापलं?

हिरूभाई: केव्हाच. काचेजवळ हात ने, पोळेल.

योगिता: तरी तसाच आहे आवाज. आत्या, ऐकतेस ना? एकेक बोल कळतोय. मागे पक्षी पण आहे कुठला तरी.

सोमी: कोकीळ. वाडीत असायच्या.

योगिता: आणि मध्ये ती हसली! आता, ओढलं तिथे. ऐकलंस?

सोमी: ही कोण पोर?

योगिता: आत्या, आजी आहे.

सोमी: माझी आयस म्हातारी हाय. तिचा फोटो नाय, मीच आवाजावरून तिला केली. केस पिकलेले, पुढचा एक दात पडलेला, कपाळावर ही एवढी आठी. रोज बघते मी तिला. मी म्हातारी होत गेले तशी ती आणखी होत गेली. ही कोण? ही तर तुझ्याएवढी.

योगिता: किती वर्षांची होती ती गेली तेव्हा?

सोमी: बापूस म्हणायचा, बावीस.

योगिता: मी चोवीसची आहे.

सोमी: तुझ्यापेक्षा ल्हान. अगं, माझी धाकली सून पण हिच्यापेक्षा मोठी हाय. ही पोर कुणाच्या मांडवात बसली, हिला कुणी बसवली! ऐक, ऐक. श्वास पुरत नाय तिला. तिथं मी मुद्दाम तोडते, मला वाटायचं ती रीतच हाय. तिचा श्वास संपला होता.

हिरूभाई: बंद करू?

सोमी: नको. एकदा मी घाई केलेली. सात-आठ वरसांची असेन. चहा व्हायच्या आधीच सुई टेकली. हाच आवाज आला, थोडा वेळ. बापूस जेवत होता. तसाच उठला, हात न धुता. चिकूच्या झाडांत निघून गेला. दिवेलागणीला आला. मला म्हणाला, ती आयस नाय, ती तापू दे. मला वाटलं, पेटी बिघडवली म्हणून रागावला.

योगिता: त्याला माहीत होता हा आवाज.

सोमी: त्याला कसा ठाऊक नसेल? त्यालाच ठाऊक होता. म्हणून तर चहा ठेवायचा.

हिरूभाई: घे, पाणी घे.

सोमी: हिरूभाय, पेटी पहिल्यापासून अशी नसेल. शेठाणीनं फाटकी पेटी घरात ठेवली नसती. बापूस म्हणायचा, मी चार वरसांची होते तवा पेटी मुकी झाली, डहाणूला नेऊन दुरुस्त केली. कुणी केली?

हिरूभाई: त्याचं असं आहे, त्या साली समुद्रातून एक मेकॅनिक वर आला होता. अंगावर शेवाळ, हातात पकड...

योगिता: काका.

हिरूभाई: मी केली.

सोमी: तू.

हिरूभाई: चोवीस वर्षांचा होतो. दुकान नवीन. तुझा बापूस डोक्यावर पेटी घेऊन आला, चालत, वाडीपासून. म्हणाला, आज पाहिजे. आज का, तर म्हणे, पोर बोलायला लागली, विचारते आई कुठे. माझ्याकडे नवा कंडेन्सर नव्हता. मुंबईहून यायला आठवडा. मी सांगायला पाहिजे होतं, थांब. नाही सांगितलं. तो ॲम्प्लिफायर खरंच विहिरीत पडला होता, तलासरीला. गाणं बिणं काही नाही. पडला, भिजला, मेला. त्यातला हा काढला, वाळवला, इथं जोडला. बायकोचं नवं नेलपॉलिश लावलं वर. दोन मिनिटं वाजवून दाखवलं. दोन मिनिटं झकास वाजलं.

योगिता: आणि मग तापलं.

हिरूभाई: मग तो पेटी डोक्यावर घेऊन घरी पोचला होता. मला वाटलं, बिघडली तर आणेल परत. रोज बघायचो रस्त्याकडे. नाही आणली.

सोमी: तो म्हणाला, लांबून येते, आवाज बसला.

हिरूभाई: मगाशी झाकण काढलं आणि लाल टिपका दिसला, तेव्हाच ओळखलं. बोलायला तोंड उघडलं की विहीर, बोंबील, हेच येतं. खरं यायला वेळ लागतो मला.

सोमी: दोनशे लग्नं लावली मी, हिरूभाय. विहिरीत पडलेल्या तुझ्या त्या तुकड्याच्या आवाजात. सायवनच्या पलीकडं दोन पोरी घसा फोडून तुझा तुकडा गातात. उद्या त्या दोघी आणखी चौघींना शिकवतील.

हिरूभाई: शिव्या दे.

सोमी: देणारच हाय. थांब जरा. तिचं कडवं संपू दे.

योगिता: आत्या, ती लग्नं मोडतात का आता?

सोमी: तुझ्या आईबापाचं मोडलं असतं तर बरं झालं असतं, एवढी तोंडाळ पोर झाली नसती.

योगिता: हसली! काका, हसली ती.

हिरूभाई: सोमीबेन, जबान दिली होती. हा रुमाल. तू म्हणशील तर अजूनही जोडतो. तुझी म्हातारी परत येईल. मला काय, अर्ध्या तासाचं काम.

सोमी: येईल ना?

हिरूभाई: घोगऱ्या आवाजात. पिकल्या केसांची.

सोमी: तीच माझ्याजवळ होती. ताप आला तवा, पहिलं बाळंतपण झालं तवा. ही पोर नव्हती. ही कुठं होती?

योगिता: आतच होती. बाहेर येऊ देत नव्हते तिला. आजोबाने पण, यांनी पण.

सोमी: आणि मी पण. थंड पेटीवर लावून बघायला कुणी हात धरला होता? बापूस जाऊन वीस वरसं झाली. तरी मी चहा ठेवत राहिले.

हिरूभाई: मग काय करू? सांग.

सोमी: तो रुमाल ठेव तुझ्यापाशी. तुझा तुकडा हाय, तू सांभाळ.

हिरूभाई: रागानं म्हणते?

सोमी: थोडी रागानं. वाल्वच्या उजेडात जे चांगलं दिसतं ते उन्हात तसं नसतं, राग उद्या नीट येईल. योगिते, परत पहिल्यापासून लाव. आता ती जिथं श्वासाला थांबते तिथं बोट वर कर.

योगिता: का?

सोमी: तिथं मी धरते. पोर दमली की कुणीतरी धरायला पाहिजे मागून. एवढं मोठं गाणं, एकटीनं, पाल्याच्या खोट्या मांडवात. बोल नाय म्हणायची मी इथं, नुसता सूर लावते.

योगिता: दाबून नको.

सोमी: दाबून कसा? दाबला तर ती ऐकू येईल का मला?

हिरूभाई: बोट वर केलं बघ. धर.

सोमी: आऽऽ...

योगिता: परत. आत्या, परत कर ना. अगं, केवढा हलका आला. थरथरला, पण आला.

सोमी: लाज वाटते. उघडं वाटतं. लुगडं सोडून अंगणात आल्यासारखं.

हिरूभाई: मी तिकडे तोंड करून बसतो. खरंच. हा बघ, भिंतीकडे. म्हण.

योगिता: आता बोट वर... हां. आणि आता... आत्या, हा आजीसारखा नाहीये. तुझ्या नेहमीच्यासारखा पण नाही.

सोमी: चिरका हाय?

योगिता: नाही. मला सांगता येत नाही. काका, तुम्ही सांगा.

हिरूभाई: मी भिंतीकडे बघतोय.

योगिता: कान तर इकडेच आहेत!

हिरूभाई: मला विचारू नको, दीकरी. मी काही सांगितलं तर त्यात बोंबील निघेल. एवढाच वेळ गप्प बसू दे मला.

योगिता: आत्या, मग रविवारी कुठल्या आवाजात गाशील माझ्या लग्नात?

सोमी: ठाऊक नाय बाय. माझा म्हणून जो आवाज हाय, तो आताच ऐकायला लागले.